पद्मिनीच्या बंपरची रबरपट्टी: क्रोम आधी झालं आणि घोळ तिथेच झाला

ही नोंद एका प्रीमियर पद्मिनीच्या दोन बंपरांची आहे. गाडी १९७९ ची, पुण्यातली, एकाच घरात राहिलेली. मालकांचं नाव, गाडीचा नंबर आणि कामाला हात लावलेल्यांची ओळख मुद्दाम गाळली आहे. मालकांना आम्ही काका म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. काम दिसायला एवढंसं होतं: बंपरवर काळी रबरपट्टी बसवायची. लागले साडेतीन महिने.

पार्श्वभूमी

काकांच्या वडिलांनी गाडी घेतली तो नंबर लावून वर्षानुवर्षं थांबण्याचा काळ. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी ही गाडी मुळात इटलीची फियाट ११००. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. आधी 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट', १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' अशी नावं बदलत गेली, अंगकाठी मात्र तीच राहिली. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर हिचा एकही भाग अडून राहत नसे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली शेवटची टॅक्सी बंद झाली. त्याआधीच दुकानदारांनी फळ्या रिकाम्या करायला सुरुवात केली होती. आता दारं, दिवे, काचा अजून मिळतात, पण बारीकसारीक रबर शोधत फिरावं लागतं.

गाडी आमच्याकडे फेब्रुवारीत आली. रंगकाम दुसरीकडे झालेलं आणि चांगलं झालेलं. दोन्ही बंपर प्लेटिंग करून वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलेले. वायरिंग आणि ब्रेक आम्ही करायचे, बंपर चढवायचे आणि गाडी द्यायची, असं ठरलं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात काका एक फोटो घेऊन आले. १९८३ चा, महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ काढलेला. बॉनेटला टेकून वडील उभे, आणि त्यांच्या गुडघ्यामागे बंपरवर सरळ काळी पट्टी.

"बाबांनी नाना पेठेतून बसवून घेतली होती. ही लावून द्या, एवढंच राहिलंय."

"एवढंच राहिलंय" हे वाक्य ऐकलं की आमच्याकडचे जुने मिस्त्री पान्हा खाली ठेवतात.

म्हणजे पट्टी कारखान्यातून आलेली नव्हती, हौसेने बसवलेली होती. हे आधीच स्पष्ट झालं ते बरं झालं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले, त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अपेक्षा आहे. ही गाडी त्या वयाची व्हायला अजून अवकाश आहे, तरी काकांच्या डोक्यात ते होतं. आम्ही सांगितलं की पट्टी काढता-घालता येते, पत्रा कापलेला नाही, हा काही मोठा बदल नव्हे. त्यांचं उत्तर: "मूळ म्हणजे कंपनीतून आली तशी, की बाबांनी चालवली तशी?" त्यावर आम्ही गप्प बसलो. पुढचं सगळं काम 'बाबांनी चालवली तशी' या बाजूने झालं.

अडचण नेमकी काय होती

पद्मिनीच्या बंपरवर दोन उभे गार्ड असतात. पट्टी त्यांच्यामुळे तीन तुकड्यांत तुटते: दोन गार्डांमधला लांब तुकडा, आणि दोन्ही बाजूंना गार्डपासून कोपऱ्यावरून वळून चाकाकडे जाणारे आखूड तुकडे. दोन बंपरांचे मिळून सहा तुकडे. मधल्या दोघांचं काही विशेष नाही, बंपरला तिथे नुसता हलका फुगवटा आहे. सगळी गंमत कोपऱ्यांच्या चार तुकड्यांत.

काकांनी माळा उपसला तेव्हा जुन्या पट्टीचा एकच तुकडा सापडला, मागच्या डाव्या कोपऱ्याचा. दगडासारखा कडक, वरून भेगाळलेला, पण आकार टिकलेला. त्यावरून तीन गोष्टी कळल्या. पट्टी ३८ मिलिमीटर रुंद आणि १४ जाड होती. पाठीमागे उलट्या टी-आकाराची खाच होती, तीत चपट्या डोक्याचे बोल्ट सरकवून बंपरच्या भोकांतून मागे नट आवळलेले असत. तिसरी गोष्ट लांबीची. तुकडा भरला ३१० मिलिमीटर. प्लेटिंगला द्यायच्या आधी काकांच्या मुलाने मोबाइलवर बंपरचे फोटो काढून ठेवले होते, त्यांत पट्टीखालच्या गंजाची सावली स्पष्ट दिसत होती. गार्डची रुंदी माहीत असल्याने त्या प्रमाणात सावली मोजली, ती आली ३१८ च्या आसपास. चाळीस वर्षांत रबर आठ मिलिमीटर आटलं होतं. हा आकडा पुढे फार उपयोगी पडला.

आता खरी पंचाईत. नवीन क्रोम केलेल्या बंपरला भोकंच नव्हती. प्लेटिंगवाल्याने आपल्या परीने चोख काम केलं होतं: "जुनी भोकं होती, वेल्डिंग मारून बुजवली, घासून सपाट केली, कळणारसुद्धा नाही." खरंच कळत नव्हतं. त्याला पट्टीबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं, आणि काकांना त्या वेळी फोटो आठवला नव्हता.

दुसरी पंचाईत कोपऱ्याच्या वळणाची. पुढच्या बंपरच्या कोपऱ्याची त्रिज्या पुठ्ठ्याच्या फर्म्याने मोजली तर साधारण ७० मिलिमीटर आली, आणि पट्टीला तिथे जवळजवळ काटकोनात वळायचं होतं. शाळेतलं खोडरबर बोटांत धरून वाकवून बघा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली चेपली जाते, हे कुणालाही दिसतं. बारकाईने बघितलं तर आणखी एक दिसतं: खोडरबराच्या दोन्ही लांब कडा बाहेरच्या अंगाला उचलल्या जातात, घोड्याच्या खोगिरासारख्या. ताणलेला भाग रुंदीला आकसतो आणि चेपलेला भाग रुंदीला पसरतो, म्हणून असं होतं. बंपरच्या कोपऱ्यावर नेमकं हेच घडतं. मधोमध बोल्ट कितीही आवळा, पट्टीच्या वरच्या-खालच्या कडा क्रोमपासून सुटतात. मग त्या फटीत धूळ, धुळीत पाणी, पाण्यात गंज.

१४ मिलिमीटर जाडीच्या पट्टीसाठी हिशेब केला तर बाहेरचा पृष्ठभाग नऊ टक्के ताणला जात होता. रबराला नऊ टक्के म्हणजे काहीच नाही, ते तुटणार नाही. पण ते आयुष्यभर सरळ व्हायला धडपडत राहणार, आणि ताणलेल्या रबरावर हवेतल्या ओझोनने भेगा लवकर पडतात. जुन्या तुकड्यावरच्या भेगा सगळ्यांत दाट होत्या त्या वळणावरच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नाना पेठेत तयार मिळत होता: पीव्हीसीची काळी पट्टी, पाठीला चिकटपट्टी, फुटावर विकत. टॅक्सीवाले आणि रिक्षावाले हीच लावतात. स्वस्त, आणि हीट गनने गरम केली की वळणावर छान बसते. पीव्हीसी तापल्यावर मऊ होतं आणि थंड झाल्यावर नवा आकार धरतं. पण उन्हात वर्षा-दोन वर्षांत त्यातला मऊपणा देणारा तेलकट अंश निघून जातो, पट्टी कडक होते, आकसते, टोकं सुटतात. दिसायलाही चकचकीत प्लॅस्टिकच. काकांनी हातात घेऊन लगेच परत ठेवली.

दुसरा, ईपीडीएम रबराची पट्टी. गाडीच्या दारांची बीडिंग ज्या रबराची असते तेच. ऊन, पाऊस, ओझोन यांना हे रबर चांगलं तोंड देतं. भोसरीच्या एका कारखान्यात ४० मिलिमीटर रुंदीचा, पाठीला टी-खाच असलेला साचा आधीच तयार होता. दोन मिलिमीटरने रुंद, पण नवीन साच्याचा खर्च वाचत होता. मधल्या तुकड्यांसाठी हीच घ्यायची यावर कुणाचं दुमत नव्हतं. कोपऱ्यांचं काय, हा प्रश्न उरला.

तिसरा पर्याय असा की ईपीडीएमची सरळ पट्टी घ्यायची आणि वळणाच्या जागी पाठीमागून व्ही-आकाराच्या खाचा पाडून तिला लवचीक करायची.

चौथा, कोपऱ्यांसाठी लोखंडी साचा बनवून रबर दाबून ओतवायचं. काम उत्तम होतं, पण चार नगांसाठी साचा म्हणजे लग्नाच्या पंगतीचं भांडं घरच्या आमटीला काढण्यासारखं. भाव ऐकूनच तो विषय संपला.

पाचवा पर्याय तेव्हा आम्हाला माहीत नव्हता.

पहिला निर्णय: गरम करून वाकवणं (आणि ते का फसलं)

आमच्याकडच्या एका पोराचं ठाम मत होतं की हीट गन मारली की कुठलंही रबर बसतं. त्याने ते पीव्हीसीवर शंभरदा केलेलं होतं, त्यामुळे आत्मविश्वास खोटा नव्हता. आम्हीही त्याला थांबवलं नाही. ईपीडीएमचा अर्धा फूट तुकडा तापवला, बंपरच्या कोपऱ्यावर कापडी पट्ट्यांनी घट्ट बांधला आणि रात्रभर ठेवला. सकाळी सोडला तेव्हा वळण बऱ्यापैकी धरलेलं. पोरगा खूश. दुपारपर्यंत अर्धंअधिक वळण गेलं. दोन दिवसांनी तुकडा पुन्हा जवळपास सरळ.

भोसरीच्या कारखान्यातल्या शेठना हे सांगितलं तर ते हसलेसुद्धा नाहीत, इतक्यांदा त्यांनी हे ऐकलेलं. त्यांनी समजावलं ते असं: कच्चं रबर कणकेसारखं असतं, द्याल तो आकार घेतं. एकदा उष्णतेने पक्कं झालं की आतल्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. मग तापवा, वाकवा, बांधून ठेवा, ते आपला जुना आकार विसरत नाही. तव्यावरची भाकरी दुमडता येते, तिची परत पुरी करता येत नाही.

हातातला माल पीव्हीसी आहे की रबर, हे ओळखायची साधी रीतही तिथेच कळली. तापवलेली सुई टोचायची. पीव्हीसीत ती वितळवत आत जाते, पक्क्या रबरात फक्त जळका डाग पडतो. तांब्याची लालभडक तापलेली तार तुकड्याला लावून परत ज्योतीत धरली आणि ज्योत हिरवी झाली, तर त्यात क्लोरीन आहे. म्हणजे बहुधा पीव्हीसी, क्वचित निओप्रीन नावाचं रबर. हे उघड्यावर करा, धूर वाईट असतो. ही तपासणी आम्ही पहिल्याच दिवशी केली असती तर पोराचे दोन दिवस आणि आमचा एक तुकडा वाचला असता.

दुसरा निर्णय: खाचांचा प्रयोग

खाचांचा हिशेब कागदावर सुरेख होता. १४ पैकी ९ मिलिमीटर खोल खाचा पाडल्या की समोर फक्त ५ मिलिमीटरची साल उरते. काटकोनाच्या वळणात बंपरला चिकटलेली बाजू ११० मिलिमीटर, सालीचा मध्य १२८. म्हणजे पाठीतून एकूण १८ मिलिमीटर रबर काढायचं: दोन-दोन मिलिमीटरच्या नऊ खाचा. बाहेरचा ताण नऊ टक्क्यांवरून तीनवर येतो आणि कडा उचलणं जवळपास थांबतं.

प्रत्यक्षातही कडा बसल्या. सावलीत बघितलं तर काम झालं असं वाटलं. पट्टी उन्हात नेली आणि वळणावर नऊ पैलू चमकले, कारल्याच्या पाठीसारखे. दोनऐवजी एक मिलिमीटरच्या अठरा खाचा पाडून पाहिल्या, पैलू बारीक झाले पण गेले नाहीत. शिवाय प्रत्येक खाच म्हणजे क्रोमलगत पाणी साठायला एक कप्पा, आणि टी-खाचेच्या भिंतीही तुटत होत्या, बोल्ट धरायला काही उरत नव्हतं. एखाद्याची त्रिज्या दुप्पट असेल, पट्टी पातळ असेल, तर ही रीत मी आजही सुचवेन. इथे नाही.

तिसरा निर्णय: भोक पाडायचं की नाही

हा सगळ्यांत अवघड होता आणि तांत्रिक कमी, मनाचा जास्त. नव्या क्रोमवर ड्रिल चालवायला काका तयार नव्हते. आम्हीही नव्हतो, खरं सांगायचं तर. शोभेच्या क्रोम प्लेटिंगमध्ये क्रोमचा थर मायक्रॉनच्याही अंशात असतो, गंजापासून खरं राखण करतं ते खालचं निकेल. भोक पाडलं की कडेला उघडं लोखंड राहतं, आणि गंज तिथून प्लेटिंगच्या खाली शिरतो. भोकं प्लेटिंगच्या आधी पाडलेली असतील तर निकेल भोकाच्या कडेवरही चढतं.

म्हणून आधी बिनभोकांचा मार्ग घेतला. दुपदरी फोमची चांगली चिकटपट्टी, गाड्यांच्या बाहेरच्या पट्ट्यांना वापरतात ती. क्रोमवर ती घट्ट बसली, ईपीडीएमवर नाही. या रबराचा पृष्ठभाग मेणचट असतो, चिकटणाऱ्या गोष्टींना सहजी दाद देत नाही. वरून प्रायमर लावला तेव्हा जरा धरलं. पुढच्या बंपरचा मधला तुकडा असा लावून गाडी एप्रिलच्या उन्हात उभी केली. आठवड्याभरात दोन्ही टोकं सुटली. रबर उष्णतेने पोलादाच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावतं. ७० सेंटिमीटरच्या तुकड्याला सकाळचा गारवा आणि दुपारी तापलेला बंपर यांत चाळीस अंशांचा फरक पडला, तर तो चार-साडेचार मिलिमीटर हलू पाहतो. चिकटपट्टी हे रोज सोसत बसते आणि एक दिवस सोडते. कोपऱ्यावर तर वळणाचा ताणही तिच्यावरच येणार होता.

सुटलेलं टोक काकांनी स्वतः बोटाने उचलून पाहिलं. मग म्हणाले, "पाडा भोकं. पण जिथे होती तिथेच."

ती कुठे होती हे समोरून दिसत नव्हतं. बंपर उलटा केला तर मागच्या बाजूला प्लेटिंगवाल्याने घासायची तसदी घेतली नव्हती: वेल्डिंगचे सात टिपके, मधल्या भागाला तीन आणि दोन्ही कोपऱ्यांना दोन-दोन. मागच्या बंपरलाही सात. आळसाचा इतका फायदा क्वचित होतो.

भोकं मागून समोर पाडली नाहीत. ड्रिल बाहेर पडताना कडेचं क्रोम पापुद्र्यासारखं उचलतं. जागा मागून मापून समोर उतरवली, कागदी टेपचे तीन थर लावले, पंच हलकाच मारला, आधी तीन मिलिमीटरचं बिट, मग साडेसहा. वेल्डिंगचा टिपका शेजारच्या पत्र्यापेक्षा कडक असतो, तिथे बिट घसरतं. दोन भोकं मिलिमीटरभर सरकली, त्यांतल्या एकाच्या कडेला क्रोमचा नखाएवढा टवका गेला. पट्टीखाली झाकला जातो, पण तो तिथे आहे. कडा बारीक कानशीने साफ करून जस्ताचा प्रायमर, त्यावर इपॉक्सी रंग दोन हात, आणि प्रत्येक भोकात पातळ रबरी वायसर.

चौथा निर्णय: कच्चं रबर आणि भंगारातला बंपर

पाचवा पर्याय भोसरीच्या शेठनी सुचवला, तोही जाता जाता. रबरी होज बनवताना कच्ची नळी वाकड्या दांड्यावर चढवून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाच्या बंद भांड्यात, पक्की करतात, तसंच पट्टीचं करता येईल. "कच्चा माल देतो, साचा नको. फक्त त्यावर बसवायला फॉर्मा आणा, तुमच्याच बंपरच्या आकाराचा."

फॉर्मा म्हणून बंपरइतकी बंपरसारखी दुसरी वस्तू कुठली? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एक सडका पद्मिनी बंपर वजनावर आणला. मधून गंजून भोकं पडलेला, पण कोपरे शाबूत. दोन्ही कोपरे कापले, ठोकून सरळ केले, आमच्या बंपरवर धरून फट तपासली. पट्टीचा छेद वर-खाली सारखाच असल्याने डाव्या कोपऱ्याचा तुकडा उलटा केला की उजव्याला चालतो, म्हणून खरं तर एकच फॉर्मा पुरला असता. मागच्या बंपरचं वळण किंचित जास्त आखूड होतं. तेवढा फरक रबर सांभाळेल असं आम्ही धरलं. हे धरणं पुढे थोडं महागात पडलं.

पहिल्या खेपेला टी-खाच मिटली. कच्चं रबर कणकेसारखं, वर कापडी पट्टीचा दाब आणि वाफेची उष्णता, खाच आतल्या आत बसली आणि दोन्ही तुकडे वाया गेले. दुसऱ्या खेपेला खाचेत सिलिकॉन रबरची दोरी शंखजिरं लावून घातली. सिलिकॉन ती उष्णता सहज सोसतं आणि ईपीडीएमला चिकटलं नाही. १५० अंशांवर चाळीस मिनिटं ठेवून बाहेर काढलं, थंड झाल्यावर दोरी ओढली, सुळकन निघाली. तुकडे मुद्दाम ३४५ मिलिमीटरचे घेतले होते, कारण पक्कं होताना रबर लांबीला आकसतं. उरलेलं छाटता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. गुंडाळलेल्या कापडाची वीण कोपऱ्यांच्या पृष्ठभागावर उमटली होती, जुन्या पाण्याच्या पाइपवर असते तशी. मधले तुकडे मात्र साच्यातून आलेले, गुळगुळीत. शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरायचा. शेवटी सहाही तुकडे ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासले, कोपरे जास्त, मधले थोडे. सगळ्यांवर सारखी मंद काळी झाक आली. फोटोतल्या पट्टीची झाकही तशीच आहे असं काका म्हणाले. तो फोटो कृष्णधवल आहे हे कुणी बोललं नाही.

बसवणी

बसवायला एक दिवस लागला. इथे मोजक्याच गोष्टी सांगण्यासारख्या.

पट्टी कधीही ओढून बसवू नये, कोंबून बसवावी. ओढून मापात आणलेलं रबर महिन्याभरात आपल्या लांबीवर परत जातं आणि गार्डच्या कडेला फट पडते. जुन्या तुकड्याचा आठ मिलिमीटरचा हिशेब समोर होताच. आम्ही प्रत्येक तुकडा मापापेक्षा साधारण एक टक्का लांब ठेवला: मधला सात मिलिमीटर, कोपऱ्याचा तीन. आधी मधला बोल्ट, मग टोकाकडून मध्याकडे ढकलत बाकीचे.

टोकं गार्डच्या फुगवट्याला भिडतात, म्हणून सरळ कापून चालत नाहीत. पुठ्ठ्याचा नमुना आधी कापला, तो चारदा बदलला, मग रबर. नवं ब्लेड साबणाच्या पाण्यात बुडवून एका दमात कापायचं. कोरडं ब्लेड रबराला ओढतं आणि काप वाकडा जातो.

बोल्ट खाचेत सरकवायला साबणाचं पाणीच. आमच्या एका माणसाने सवयीने ग्रीस लावलं, मागच्या मधल्या तुकड्याला. पेट्रोलियमचं ग्रीस आणि ईपीडीएम यांचं वैर आहे. सकाळी खाचेलगत रबर फुगून पट्टी लाटेसारखी झाली होती. तो तुकडा टाकला, नशिबाने सरळ पट्टी जास्तीची होती.

नट स्टेनलेसचे नायलॉक वापरले, आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने न सुटणारे. जास्त आवळला की समोर बोल्टच्या जागी खळी पडते, गालावर पडते तशी, आणि सात खळ्या ओळीने दिसल्या की सुंदर काही दिसत नाही. हाताने आवळून वर अर्धा फेरा, बस्स. फटी बुजवायला सिलिकॉन सीलंट भरू असं एकाने सुचवलं. ते टाळलं. व्हिनेगरचा वास येणारं सीलंट सुकताना आम्ल सोडतं, आणि आपण तर आत्ताच उघडं लोखंड झाकलेलं. पट्टीच्या खालच्या कडेला पाठीमागून दर दहा सेंटिमीटरवर बारीक चीर ठेवली, पाणी निघून जायला, आणि बसवण्याआधी क्रोमवर मेणाचं पॉलिश चढवलं.

परिणाम

गाडी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, ऐन पाऊस सुरू होताना गेली. दिवाळीनंतर काकांनी परत आणली तेव्हा सगळी पट्टी तपासली आणि पुढचा उजवा तुकडा उतरवून पाहिला. मधल्या भागांची टोकं गार्डला टेकलेली, फट नाही. पुढचे दोन्ही कोपरे बोट फिरवलं तरी कड सापडत नाही इतके बसलेले. उतरवलेल्या तुकड्याखाली क्रोम स्वच्छ. पण ज्या भोकाचा टवका गेला होता ते नेमकं याच तुकड्याखालचं, तिथे तपकिरी वर्तुळ दिसलं. परत साफ करून इपॉक्सी लावला. ते पुन्हा येणार, फक्त कधी एवढाच प्रश्न.

मागचा डावा कोपरा वरच्या कडेला मिलिमीटरभर उचलला आहे. पुढच्या बंपरच्या फॉर्म्यावर पक्का केलेला तुकडा मागच्या आखूड वळणावर बसवल्याचा हा हप्ता. मागचा उजवा मात्र बसला. दोघांत फरक का, तर आमचा अंदाज असा की डाव्या बाजूला बंपर पूर्वी कधीतरी ठोकर खाऊन सरळ केलेला आहे, तिथलं वळण आणखी आखूड आहे. मापलं असतं तर कळलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

प्लेटिंगच्या आधी सगळ्या जोडणीच्या भागांची यादी करायला हवी होती: पट्टी, गार्ड, नंबरप्लेट, धुक्याचे दिवे, जे काही बंपरला भोक मागतं ते. बंपर आमच्याकडे येण्याआधीच प्लेट झाले होते, तेव्हा हा दोष आमचा नाही असं म्हणता येईल. पण गाडी आली त्या दिवशी आम्ही जुने फोटो मागितले नाहीत. मागितले असते तर मार्चऐवजी फेब्रुवारीतच भोकांचा विषय निघाला असता आणि कदाचित बंपर परत प्लेटिंगला पाठवायचं काकांनी मान्य केलं असतं. तेव्हा त्यांचं त्या क्रोमवर प्रेम बसलेलं नव्हतं.

बंपर पुन्हा प्लेट करणं हाच खरा योग्य मार्ग होता, असं मला आजही वाटतं. आमच्यातल्या दुसऱ्याचं मत उलट आहे: जुना पत्रा दरवेळी घासला की पातळ होतो, आणि १४ झाकलेल्या भोकांसाठी दोन बंपर पुन्हा आम्लात बुडवणं म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. आमच्यात हा वाद मिटलेला नाही.

चिकटपट्टीच्या प्रयोगाबद्दल मात्र एकमत आहे. तो तांत्रिकदृष्ट्या हरणारच होता, प्रसरणाचा हिशेब आम्ही पाठीमागून केला तो पुढून करता आला असता. पण तो केला नसता तर काकांनी ड्रिलला होकार दिला नसता. त्या आठवड्याला वाया गेलेला म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणि फॉर्मा दोन करायला हवे होते. भंगारातून एकच पुढचा बंपर आणला, मागचाही तिथेच पडलेला होता, घासाघीस करून सोडून दिला. आता कच्च्या रबराचा दीड फूट तुकडा शेठकडून मागून ठेवला आहे. कच्चं रबर फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून मागच्या डाव्या कोपऱ्याचा फर्मा या महिन्यात थेट गाडीवरून काढायचा आहे. काकांना तसं कळवलं. माळ्यावरचा जुना ३१० मिलिमीटरचा तुकडा तेव्हा परत घेऊन या, असंही सांगितलं आहे. तो त्याच कोपऱ्याचा आहे, आणि त्याचं वळण आम्ही एकदाही मोजलेलं नाही.